आंब्याचा भिरूड आणि आल्फ्रेड वॉलेस : चौदाव्या वर्षी शाळा सुटलेल्या शास्त्रज्ञाची गोष्ट



पहिले दोन-चार चांगले पाऊस झाले की आपल्या पालघर तालुक्यातल्या शाळांमध्ये एक पाहुणा येतो. पाम-टेंभीची असोत, बोईसरची असोत की तारापूरकडची, मुलं त्याला काडेपेटीत नाहीतर रिकाम्या कंपासपेटीत घालून आणतात. बोटभर लांबीचा राखाडी भुंगेरा, पाठीवर पिवळसर-नारिंगी ठिपके, मानेवर दोन लालसर डाग, दोन्ही बाजूंना एकेक काटा आणि डोक्यावर अंगाएवढ्या, कधी अंगापेक्षाही लांब मिशा. हातात धरला की चर्र-चर्र असा आवाज करतो. रात्री दिव्याला आलेला असतो, नाहीतर आंब्याच्या किंवा उंबराच्या बुंध्यावर सापडलेला असतो.

वाडीवाल्यांना हा चांगलाच माहीत आहे. याची अळी म्हणजेच आंब्याचा भिरूड. मादी झाडाच्या सालीला चीर पाडून त्यात अंडं घालते. अंड्यातून निघालेली अळी साल पोखरत आत शिरते आणि कित्येक महिने लाकूड खात आतच राहते. बाहेर दिसतो तो फक्त भोकातून पडणारा भुसा. फांदी वाळायला लागते, मग कधीकधी अख्खं झाड जातं. वाडीवाले भोकात तार घालून अळी ओढून काढतात आणि भोक मातीने लिंपून टाकतात. काजूच्या बुंध्यात शिरणारा रोठासुद्धा याच लांब मिशांच्या भुंगेऱ्यांच्या घराण्यातला.

आपल्या या भिरुडाच्या कुळाचं शास्त्रीय नाव आहे बॅटोसेरा. आपल्याकडच्या प्रकाराला बॅटोसेरा रुफोमॅक्युलाटा म्हणतात, म्हणजे लाल डागांचा. चार्ल्स डी गीर या स्वीडिश अभ्यासकाने १७७५ मध्ये हे नाव दिलं. याच कुळातला आणखी एक भलामोठा भाऊबंद न्यू गिनीकडच्या बेटांवर राहतो. त्याचं नाव बॅटोसेरा वॉलेसी. आपल्या आंब्यातल्या किड्याच्या भावाला ज्याचं नाव मिळालं तो वॉलेस कोण? त्याचीच गोष्ट आज सांगायची आहे. तुम्ही शिक्षक असाल तर ही गोष्ट जरा जास्तच जवळची वाटेल, कारण हा माणूस एकेकाळी शाळामास्तर होता. आणि त्याआधी तो शाळा सुटलेला मुलगा होता.

सुटलेली शाळा

आल्फ्रेड रसेल वॉलेसचा जन्म ८ जानेवारी १८२३ रोजी वेल्समधल्या अस्क गावाजवळ झाला. नऊ भावंडांतला हा आठवा. वडील कायदा शिकलेले होते, पण वकिली कधी केली नाही. जवळचे पैसे नको त्या व्यवहारांत गेले आणि घर हळूहळू खाली येत गेलं. घरभाडं परवडेना म्हणून बिऱ्हाड सारखं हलायचं. आल्फ्रेड पाच वर्षांचा असताना कुटुंब इंग्लंडमधल्या हर्टफर्ड गावी आलं आणि तिथल्या शाळेत त्याचं शिक्षण सुरू झालं.

शाळेतल्या शेवटच्या वर्षी फी भरायला पैसे नव्हते. तेव्हा असं ठरलं की आल्फ्रेडने लहान मुलांना वाचन आणि गणित शिकवायचं आणि त्या बदल्यात स्वतः शिकायचं. बरोबरीची मुलं बाकावर आणि आपण अर्धे विद्यार्थी, अर्धे मास्तर, याची त्याला फार लाज वाटायची. पुढे म्हातारपणी आत्मचरित्र लिहितानासुद्धा ही लाज त्याच्या मनातून गेलेली नव्हती. तुमच्या-माझ्या वर्गात फी, गणवेश, वही यांवरून एखादं मूल वेगळं पडतं ना, तेव्हा हे आठवायला हवं. साठ-सत्तर वर्षं टिकणारी जखम असते ती.

वयाच्या चौदाव्या वर्षी तीही शाळा सुटली. इथून पुढे आल्फ्रेड वॉलेस कुठल्याही शाळेत किंवा कॉलेजात विद्यार्थी म्हणून बसला नाही.

जमिनीची मोजणी आणि स्वस्तातलं पुस्तक

आधी तो लंडनला सुतारकाम करणाऱ्या भावाकडे राहिला. तिथे संध्याकाळी कामगारांसाठी व्याख्यानं व्हायची, वाचायला वर्तमानपत्रं आणि पुस्तकं असायची. तो तिथे जाऊन बसायचा. मग थोरला भाऊ विल्यम याच्या हाताखाली जमीन मोजणीचं काम शिकायला लागला. साखळी ओढत, खुणा रोवत, नकाशे काढत इंग्लंड आणि वेल्सच्या गावांमधून काही वर्षं पायपीट झाली. या कामात त्रिकोणमिती आली, नकाशा आला, खडक आणि माती आली. सगळं शेतात उभं राहून शिकलेलं. आणखी एक गोष्ट त्याने पाहिली. गावच्या सामायिक जमिनींना कुंपणं पडत होती आणि गरिबांची गुरं चारायची जागा जात होती. आपण केलेल्या मोजणीचा यात हात आहे, हे त्याला पुढे कायम टोचत राहिलं आणि म्हातारपणी जमिनीच्या हक्कासाठी त्याने चळवळही केली. जमिनीचा प्रश्न काय असतो हे पालघर जिल्ह्यातल्या माणसाला वेगळं समजावून सांगायला नको.

मोजणी करताना पायाखाली दिसणाऱ्या झाडांची नावं त्याला माहीत नव्हती. त्याने वनस्पतींवरचं एक स्वस्तातलं छोटं पुस्तक विकत घेतलं. एकेक फूल घेऊन पुस्तकाशी ताडून बघायचं, असा छंद लागला. थोरल्या भावाला हा वेळेचा अपव्यय वाटायचा. घरोघरी असंच असतं.

लेस्टरचे वॉलेस सर

१८४३ मध्ये वडील वारले आणि मोजणीची कामंही कमी झाली. १८४४ मध्ये एकविसाव्या वर्षी वॉलेस यांना लेस्टर शहरातल्या एका शाळेत मास्तरची नोकरी मिळाली. लहान मुलांना वाचन, लेखन, गणित आणि मोठ्यांना चित्रकला व मोजणी शिकवायची. ना पदवी, ना डीएड! पण नकाशा काढणारा हात होता, तो उपयोगी पडला.

लेस्टरला एक चांगलं वाचनालय होतं. वॉलेस सर संध्याकाळी तिथे जायचे. तिथे त्यांनी माल्थस नावाच्या लेखकाचं लोकसंख्येवरचं पुस्तक वाचलं. हे पुस्तक लक्षात ठेवा, पुढे चौदा वर्षांनी ते कामाला येणार आहे. आणि लेस्टरलाच त्यांना एक एकोणीस वर्षांचा मुलगा भेटला, हेन्री वॉल्टर बेट्स. हाही लहानपणीच शाळा सोडून मोज्यांच्या व्यापाऱ्याकडे उमेदवारीला लागलेला. सकाळी दुकानाच्या फळ्या उघडणं आणि झाडलोट करणं हे त्याचं काम. पण या पोराच्या घरी भुंगेऱ्यांचा मोठा संग्रह होता.

बेट्सने आपल्या पेट्या उघडून दाखवल्या आणि सरांना धक्काच बसला. एवढे रंग, एवढे आकार! बेट्सने सांगितलं की लेस्टरच्या आसपास दहा मैलांत भुंगेऱ्यांचे हजारेक प्रकार सापडतील आणि सगळ्या ब्रिटनमध्ये तीन हजार. आपण रोज ज्या पायवाटेवरून चालतो तिथे हजार प्रकारचे जीव राहतात आणि आपल्याला एकाचंही नाव माहीत नाही, हे त्या दिवशी वॉलेस यांना कळलं. त्यांनी लगेच एक बाटली, टाचण्या आणि ओळखीचं पुस्तक घेतलं आणि सुट्टीच्या दिवशी आपल्या विद्यार्थ्यांनाही बरोबर घेऊन ते भुंगेरे शोधायला जाऊ लागले.

मित्रांनो, मला या गोष्टीत सगळ्यात मोलाची वाटते ती ही जागा. शिकवणारा मास्तर एका दुकानातल्या पोराकडून शिकला. आपल्या वर्गात वारली, मल्हार कोळी, धोडी, कोकणा कुटुंबांतली मुलं असतात. झाड, पाखरू, किडा, मासा यांच्याबद्दल यातल्या कितीतरी मुलांना आपल्यापेक्षा जास्त ठाऊक असतं. त्यांच्याकडून ऐकायला आपण वेळ ठेवतो का, एवढंच बघायचं.

बेट्सच्या पेट्यांमधून वॉलेस यांच्या डोक्यात एक प्रश्न शिरला. एवढे प्रकार कशासाठी? एकाच कुळातले हे इतके सारखे आणि तरी वेगळे जीव आले कुठून? या प्रश्नाने त्यांची पाठ आयुष्यभर सोडली नाही.

ॲमेझॉन : चार वर्षं आणि एक आग

१८४५ मध्ये विल्यम वारला. वॉलेस यांनी शाळा सोडून पुन्हा मोजणीचं काम धरलं. रेल्वेमार्ग आखण्याचे दिवस होते, थोडे पैसे जमले. बेट्सशी पत्रव्यवहार चालूच होता. दोघांनी ठरवलं की ॲमेझॉनच्या जंगलात जायचं, कीटक आणि पक्षी गोळा करून लंडनच्या दलालामार्फत विकायचे, त्यावर पोट भरायचं आणि आपला प्रश्न सोडवायचा. पाठीशी ना श्रीमंत बाप, ना सरकार. एप्रिल १८४८ मध्ये दोघे बोटीत बसले.

वॉलेस चार वर्षं ॲमेझॉन आणि रिओ निग्रो नद्यांच्या काठाने फिरले. मदतीला आलेला धाकटा भाऊ हर्बर्ट तिथेच पीतज्वराने गेला. वॉलेस स्वतः कित्येकदा तापाने आडवे झाले. शेवटी १८५२ मध्ये आपला संग्रह, चित्रं आणि टिपणं घेऊन ते परत निघाले. ६ ऑगस्टला भर अटलांटिक समुद्रात जहाजाला आग लागली. हातात आली तेवढी काही चित्रं आणि कागद घेऊन त्यांना होडीत उतरावं लागलं. बाकी सगळं डोळ्यांदेखत जळालं. दहा दिवस उघड्या होडीत काढल्यावर दुसऱ्या जहाजाने त्यांना उचललं. दलालाने स्वतःहून मालाचा विमा उतरवला होता, तेवढ्यावर पुढचे दिवस निघाले.

चार वर्षांचं काम जळल्यावर माणूस काय करेल? वॉलेस यांनी वाचलेल्या टिपणांवरून आणि आठवणीवरून दोन पुस्तकं लिहिली आणि दीड वर्षात पुन्हा निघाले. या वेळी पूर्वेकडे.

एका चौरस मैलात दोन हजार भुंगेरे

एप्रिल १८५४ मध्ये ते सिंगापूरला पोहोचले. पुढची आठ वर्षं आजच्या मलेशिया आणि इंडोनेशियाच्या बेटांवर गेली. साधारण १४,००० मैलांचा प्रवास, बराचसा स्थानिक लोकांच्या होड्यांमधून.

१८५५ मध्ये बोर्निओ बेटावर सिमुंजान नावाच्या जागी दगडी कोळशाची खाण सुरू होत होती. त्यासाठी जंगलतोड चालली होती. तोडलेले ओंडके, वाळलेल्या फांद्या, सोललेल्या साली सगळीकडे पडलेल्या. लांब मिशांच्या भुंगेऱ्यांना आणखी काय हवं? अंडी घालायला ताजं लाकूड! वॉलेस यांनी खाणीवरच्या मजुरांना सांगून ठेवलं, प्रत्येक किड्यामागे एक सेंट देईन. मजूर बांबूच्या नळ्यांमधून किडे आणून द्यायला लागले. बोर्निओत त्यांना भुंगेऱ्यांचे सुमारे २,००० प्रकार मिळाले आणि त्यातले बहुतेक सगळे या एकाच जागी, जेमतेम एक चौरस मैल जमिनीवर. झाड पडल्यावर जंगलाचं नुकसान आणि भुंगेऱ्यांचा बाजार, दोन्ही एकाच वेळी होत होतं.

आठ वर्षांचा त्यांचा हिशेब बघा. एकूण १,२५,६६० नमुने. त्यात ८,०५० पक्षी, १३,१०० फुलपाखरं आणि भुंगेरे तब्बल ८३,२००! म्हणजे दर तीन नमुन्यांमागे दोन भुंगेरे. (पाचवीच्या वर्गात हेच आकडे गणिताला घेता येतील.) त्यातल्या लांब मिशांच्या भुंगेऱ्यांवर पॅस्को नावाच्या अभ्यासकाने पुढे एक स्वतंत्र मोठा ग्रंथ लिहिला. बॅटोसेरा वॉलेसी हे नाव १८५८ मध्ये जेम्स थॉमसन यांनी दिलं.

हे सगळं एका माणसाचं काम नव्हतं, हेही मुलांना सांगायला हवं. सारावाकचा अली नावाचा मलाय मुलगा आधी स्वयंपाकी म्हणून कामाला लागला. मग तो पक्षी टिपायला, सोलून जतन करायला शिकला, होडी हाकू लागला, आजारपणात शुश्रूषा करू लागला. वॉलेस यांच्या नावाने ओळखला जाणारा एक नवा स्वर्गीय पक्षी प्रत्यक्षात अलीने आणला होता. वॉलेस यांनी आपल्या लिखाणात अलीचं ऋण मान्य केलं, त्याचा फोटोही छापला. पण किड्यांना एकेक सेंट घेऊन नळ्या भरून देणाऱ्या मजुरांची नावं कुठल्याच भुंगेऱ्याला मिळाली नाहीत.

ताप, माल्थस आणि एक पाकीट

१८५५ मध्येच सारावाकला पावसाळ्यात अडकून पडले असताना वॉलेस यांनी एक लेख लिहिला. त्यात मांडलं होतं की कुठलाही नवा जीवप्रकार त्याच्याशी जवळचं नातं असलेल्या आधीच्या प्रकाराच्या शेजारीच आणि त्याच्या पाठोपाठच अवतरलेला दिसतो. सोपं करून सांगायचं तर भाऊबंद शेजारी-शेजारी राहतात, कारण ते एकाच घरातून निघालेले असतात. पण एकाचे अनेक होतात कसे, हे अजून सुटत नव्हतं.

फेब्रुवारी १८५८ मध्ये मोलुक्का बेटांवर ते हिवतापाने पडले होते. थंडी वाजून अंग कापायचं, मग ताप चढायचा. अशा एका तापात त्यांना लेस्टरच्या वाचनालयातलं माल्थसचं पुस्तक आठवलं. माणसं वाढतात भराभर, अन्न त्या वेगाने वाढत नाही, मग रोगराई आणि दुष्काळ माणसांना कमी करतात, असं त्यात होतं. वॉलेस यांच्या मनात आलं की प्राण्यांमध्ये तर हे कितीतरी जास्त होत असणार.

हे आपल्या भिरुडावरून मुलांना छान समजतं. भिरुडाची एक मादी शंभर-दोनशे अंडी घालू शकते. सगळी जगली असती तर काही वर्षांत पालघर तालुक्यात आंब्याचं एक झाड उभं राहिलं नसतं. तसं होत नाही. काही अंडी सुकतात, काही मुंग्या नेतात, अळ्या सुतारपक्षी टोचून काढतो, काहींवर बुरशी येते. जगतात ते थोडे. ते थोडे कोण? ज्यांचा रंग सालीशी मिळतोजुळता, ज्यांची अळी खोल शिरली, ज्यांना ते झाड मानवलं. त्यांची पिल्लं त्यांच्यासारखी होतात. पिढ्यान्‌पिढ्या असं चाळत गेलं की प्रकार बदलत जातो. यालाच आपण आज नैसर्गिक निवड म्हणतो.

ताप उतरल्यावर दोन-तीन संध्याकाळी बसून वॉलेस यांनी हे लिहून काढलं आणि तेर्नाते बेटावरून पाकीट पाठवलं ते थेट चार्ल्स डार्विन यांना. डार्विन याच विषयावर वीस वर्षं काम करत होते, पण त्यांनी छापलं काहीच नव्हतं. १८ जून १८५८ च्या सुमारास पाकीट पोहोचलं आणि ते हादरले. आपलाच विचार दुसऱ्या कुणीतरी मांडला होता! मित्रांच्या सल्ल्याने १ जुलै १८५८ रोजी लंडनच्या लिनियन सोसायटीत दोघांचं लिखाण एकत्र वाचलं गेलं. तेव्हा वॉलेस हजारो मैलांवर होते, त्यांना कुणी विचारलंही नव्हतं. पुढच्या वर्षी डार्विन यांचा मोठा ग्रंथ आला आणि जगाच्या तोंडी त्यांचंच नाव राहिलं.

वॉलेस यांना याचा राग आला का? तसं कुठे दिसत नाही. त्यांनी आपलं मोठं प्रवासवर्णन डार्विन यांना अर्पण केलं आणि १८८९ मध्ये या सिद्धांतावर पुस्तक लिहिलं त्याचं नावसुद्धा डार्विनिझम ठेवलं. दोघांची मैत्री टिकली. श्रेयावरून शाळा-शाळांत, स्पर्धा-स्पर्धांत काय काय होतं ते आपण बघतोच.

दोन बेटांमधली रेषा

बाली आणि लोंबोक ही दोन बेटं शेजारी-शेजारी आहेत. मधली सामुद्रधुनी वीस ते चाळीस किलोमीटर रुंद. पण १८५६ मध्ये वॉलेस यांना दिसलं की बालीवर आशियातल्यासारखे पक्षी आहेत, तर पलीकडे लोंबोकवर ऑस्ट्रेलियाकडचे पक्षी दिसायला लागतात, उदाहरणार्थ काकाकुवा. मधला समुद्र इतका खोल आहे की ती बेटं कधी जोडलेलीच नव्हती. प्राण्यांच्या जगातली ही सीमा आज वॉलेस रेषा म्हणून ओळखली जाते. कुठला जीव कुठे राहतो आणि का, हे विचारणारी प्राणी-भूगोल नावाची शाखा त्यांच्या कामावर उभी आहे.

या गोष्टीचा बोईसरशी संबंध आहे बरं का! आपल्या तारापूर एमआयडीसीतून माल बाहेर देशी जातो तो लाकडी पॅलेटवर आणि खोक्यांतून. त्या लाकडावर गव्हाच्या ओंबीसारखी एक खूण छापलेली असते. त्याचा अर्थ, हे लाकूड तापवून किंवा औषधाची धुरी देऊन किडेमुक्त केलेलं आहे. लांब मिशांचा एक आशियाई भुंगेरा खोक्यांच्या लाकडातून अमेरिकेला पोहोचला आणि १९९६ मध्ये न्यूयॉर्कमध्ये सापडला. तिथली कितीतरी झाडं त्यामुळे तोडावी लागली. अशा पाहुण्यांना रोखण्यासाठी २००२ मध्ये हा आंतरराष्ट्रीय नियम आला. समुद्राने लाखो वर्षं वेगळं ठेवलेलं माणूस एका बोटीच्या फेरीत एकत्र करतो. ज्या मुलांचे आईवडील कंपनीत पॅकिंगला असतील त्यांना विचारा, ती खूण त्यांनी नक्की पाहिलेली असेल.

मुंबईत एक आठवडा

१८६२ मध्ये वॉलेस मायदेशी निघाले. बरोबर दोन जिवंत स्वर्गीय पक्षी होते, सिंगापुरात विकत घेतलेले. वाटेत ते मुंबईला आठवडाभर थांबले. कशासाठी? प्रवासात जरा विसावा आणि पक्ष्यांसाठी ताज्या केळ्यांचा साठा! केळी मिळाली, पण पक्ष्यांना किडेही लागायचे. बोटीवर झुरळं कमी. म्हणून जगप्रसिद्ध होऊ घातलेला हा शास्त्रज्ञ रोज रात्री तासभर बोटीच्या कोपऱ्यांत झुरळं शोधत फिरायचा. पुढे माल्टा बेटावर एका बेकरीत भरपूर झुरळं मिळाली तेव्हा काळजी मिटली. पक्षी जिवंत लंडनला पोहोचले.

घरी परतल्यावर

पुढचं आयुष्य कीर्तीचं होतं, पण सुबत्तेचं नव्हतं. १८६६ मध्ये ॲनी मिटन यांच्याशी लग्न झालं, मुलं झाली. संग्रह विकून आलेले पैसे चुकीच्या गुंतवणुकीत बुडाले. संग्रहालयात किंवा संस्थेत कायमची नोकरी काही मिळाली नाही. पदवी नव्हती, ओळखी कमी होत्या. मग घर कसं चालायचं? लेख लिहून, व्याख्यानं देऊन आणि वर्षानुवर्षं परीक्षेचे पेपर तपासून! हो, वॉलेस यांनीही आपल्यासारखेच गठ्ठे तपासले. १८८१ मध्ये डार्विन यांनी खटपट करून त्यांना सरकारकडून वर्षाला २०० पौंडांचं मानधन मिळवून दिलं, तेव्हा जरा श्वास घेता आला.

१८७० मध्ये पृथ्वी सपाट आहे म्हणणाऱ्या एका गृहस्थाने ५०० पौंडांची पैज लावली. वॉलेस जुने मोजणीदार. त्यांनी सहा मैलांच्या सरळ कालव्यावर सारख्या उंचीच्या खुणा लावून दुर्बिणीतून दाखवलं की मधली खूण वर दिसते, म्हणजे पाण्याचा पृष्ठभाग वक्र आहे. पंचाने त्यांना विजयी ठरवलं. पण त्या गृहस्थाने पुढे कित्येक वर्षं पत्रं, आरोप आणि कोर्टकचेऱ्या करून त्यांना हैराण केलं.

ते सगळ्या बाबतींत बरोबर होते असं मात्र नाही. मृतात्म्यांशी बोलता येतं यावर त्यांचा विश्वास बसला होता आणि देवीच्या लसीला त्यांनी जोरदार विरोध केला. लसीबाबत ते चुकले. देवीचा रोग पुढे लसीमुळेच जगातून नाहीसा झाला. हेही मुलांपासून लपवू नये. मोठ्या माणसाचं म्हणणंही पुराव्यावर तपासायचं असतं, हे त्यांच्याच आयुष्यावरून शिकवता येतं.

१९०८ मध्ये त्यांना ऑर्डर ऑफ मेरिट हा मोठा सन्मान मिळाला. ७ नोव्हेंबर १९१३ रोजी नव्वदाव्या वर्षी त्यांचं निधन झालं. शेवटपर्यंत ते बाग करत होते, लिहीत होते.

आपण यातून काय घ्यायचं?

दिवाळी झाली की आपल्या जिल्ह्यातली कितीतरी कुटुंबं वीटभट्टीवर, रेतीच्या किंवा बांधकामाच्या कामावर जातात. मुलं बरोबर जातात. हजेरीपटावर त्यांच्यापुढे गैरहजेरीच्या रेघा पडत जातात. कोणी म्हणेल, वॉलेस चौदाव्या वर्षी शाळेबाहेर पडूनही मोठा झालाच की! असा अर्थ कृपा करून काढू नका. शाळा सुटल्यावरही वॉलेस यांना चार गोष्टी मिळाल्या. वाचता येत होतं, संध्याकाळी बसायला वाचनालय होतं, हाताला मोजमापाचं कौशल्य होतं आणि प्रश्न विचारणारा एक दोस्त होता. यातली एकेक गोष्ट काढून टाका आणि बघा, वॉलेस उरतो का. आपल्या मुलांना आठवीपर्यंत धरून ठेवणं, हंगामी वसतिगृहात ठेवण्यासाठी पालकांशी बोलणं, आणि मूल गेलंच तर त्याच्या पिशवीत दोन पुस्तकं आणि एक कोरी वही देणं, एवढं तर आपल्या हातात आहे.

वर्गासाठी काही सोपे उपक्रम देते. परिसर अभ्यासाच्या तासाला घेता येतील.

१. भिरूड आला की त्याला झाकणाला भोकं पाडलेल्या बरणीत ठेवा. मुलांना भिंगातून बघून चित्र काढू द्या. पाय किती, मिशांचे तुकडे किती, ठिपके किती हे मोजायला सांगा. त्याचा जबडा जोरात चावतो, म्हणून बोट तोंडाजवळ नेऊ देऊ नका.

२. शाळेजवळच्या आंबा, उंबर, फणस यांच्या बुंध्यावर भुसा आणि भोकं शोधा. कुठल्या झाडावर किती, याचा तक्ता करा.

३. दर पावसाळ्यात पहिला भुंगेरा कुठल्या तारखेला दिसला, ते फळ्याच्या कोपऱ्यात आणि एका वहीत लिहून ठेवा. चार-पाच वर्षांनी ती वही हाच एक छोटा अभ्यास होईल.

४. आजी-आजोबांना विचारून या किड्याची, अळीची, झाडाच्या रोगाची घरातली नावं गोळा करा. वारली, मांगेली, वाडवळी, जी बोली असेल तिच्यातली. नावाशेजारी सांगणाऱ्याचं नावही लिहा. सिमुंजानच्या मजुरांची नावं राहून गेली, आपल्या वहीत तसं होऊ नये.

आणि पालकहो, मुलाने खिशातून किडा काढला तर टाक ते घाण, असं पटकन म्हणू नका. आधी विचारा, कुठे सापडला? तिथे अजून किती होते? बाकी पुढचं मूल आपलं आपण बघतं.